चार दाबायचे, दोन सोडायचे

कुलपाचा खटका. हाताला आधी, कानाला नंतर.

चप्पल डाव्या पायात. काढली. घातली.

लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा.

"बसलं का?" जिन्यातून नवऱ्याचा आवाज.

ओट्यावर ठेवलेला पेला. उचलून परत ठेवलेला पेला. पेला तोच.

मागे येणारी बस, टीं टीं टीं करत.

गोळी सकाळी अर्धी, रात्री एक. डॉक्टर म्हणाले होते, फरक हळूहळू पडेल. हळूहळू म्हणजे किती, हे विचारायचं राहून गेलं.

सोळा पायऱ्या.

हजार

नीट सांगायचं तर ही गोष्ट एका बाईंची. मोठ्या दवाखान्यात, कान-नाक-घशाच्या विभागात त्या लोकांचे कान तपासायच्या. वय चव्वेचाळीस, नोकरी एकवीस वर्षं. बसच्या ड्रायव्हरांना दर वर्षी कानाचा दाखला लागतो, म्हणून डेपोतले सगळे त्यांच्याकडे यायचे. आपसात त्यांना 'कानवाल्या बाई' म्हणायचे, आणि एकदोघं विसरून तोंडावरही म्हणून जायचे.

घरातून निघायला बाईंना चाळीस मिनिटं लागत. तयारीला नव्हे, निघायला. कुलूप लावलं की खटका हाताला कळायचा, आणि कानाला कळायचा त्यानंतर, केसभर उशिरा. चार लोकांचं असं होत नाही. आपण लावलेल्या कुलपाचा आवाज येणार हे डोक्याला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे कान तिकडे फारसं लक्षच देत नाही. लावलं, झालं, निघालो. बाईंच्या कानावर मात्र तो आवाज परका पडायचा, शेजारच्याने त्याचं दार लावावं तसा. हात म्हणे मी लावलं. कान म्हणे कोणीतरी लावलं. दोघांची साक्ष जुळेना, की खटला पहिल्यापासून.

मग परत लावायचं. परत. सारख्या अंतराने. एक-दोन-तीन-खट. एक-दोन-तीन-खट. असं करता करता कधीतरी हात आणि कान एका क्षणी भेटत, आणि छातीत काहीतरी आपल्या जागेवर जाऊन बसे. त्याला घरात एकच शब्द होता: बसलं.

चोराची भीती वगैरे काही नव्हती. "चोर आलाच तर हिचं एकच म्हणणं असेल," नवरा म्हणायचा, "जाताना दार नीट ओढून घ्या."

त्या दिवशी सकाळी तो सोळा पायऱ्या उतरून खाली उभा होता, हातात दोघांचे डबे.

"बसलं का?"

"नाही."

"माझी पहिली बस गेली."

"तुम्ही जा ना पुढे."

"जातो," तो म्हणाला, आणि शेवटच्या पायरीवर बसला. एकोणीस वर्षांच्या संसारात तो रोज असाच जात आला होता.

दोन हजार

तपासणीची खोली म्हणजे खोलीतली खोली. आतल्या खोलीला फ्रीजसारखं जाड दार, भिंतींना स्पंज, एक दुहेरी काचेची खिडकी. माणूस आत बसतो, कानांवर हेडफोन, हातात एक बटण. सूर ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. बाहेर बाईंच्या टेबलावर दिवा लागतो. मशीन जुनं, सगळं हाताने करायचं. सुराचा मोठेपणा चाळीस डेसिबलपासून सुरू करायचा. ऐकू आला की दहाने खाली, नाही आला की पाचने वर. जिथे कान टेकतो तिथे कागदावर खूण.

क्रम ठरलेला. आधी हजाराचा सूर, मग दोन हजार, चार हजार, आठ हजार. आकडा चढेल तसा सूर बारीक होतो. मग खात्री म्हणून एकदा परत हजार. शेवटी पाचशे आणि अडीचशे, जाडे सूर. केलेली गोष्ट नियमाने परत करायची मुभा जगात बाईंना त्या एकाच ठिकाणी होती, आणि ते 'परत हजार' त्या मन लावून करायच्या.

घरी चाळीस मिनिटं खाणारी गोष्ट इथे पहिल्या फटक्यात बसायची. कारण साधं होतं. बटण त्या दाबत, पण सूर वाजायचा दुसऱ्याच्या कानात. त्यांना दिसायचा फक्त दिवा. हात आपला, कान परक्याचा. साक्षी जुळवायचा प्रश्नच नाही. एक-दोन-तीन-बटण. दिवा. एक-दोन-तीन-बटण. दिवा. सकाळी कुलपापाशी गळून गेलेल्या बाई दुपारपर्यंत इथे जरा टेकायच्या. सुट्टीच्या दिवशी त्या जास्त थकलेल्या दिसत.

सूर तालात देऊ नका, नाहीतर माणूस ऐकायचं सोडून मोजायला लागतो, हे त्यांना शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं. बाईंनी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. आपण ते पाळतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

चार हजार

अकरा वाजता एक ड्रायव्हरकाका आले. गेली सात वर्षं न चुकता येणारे. सत्तावन्न वय, सुटलेलं पोट, खिशाला दोन पेनं.

"बाई, यंदाचं शेवटचं. अकरा महिन्यांनी निवृत्त. पुढल्या वर्षी आलो तर नुसता फिरायला."

"दवाखान्यात फिरायला?"

"आयुष्यभर दुसऱ्यांना फिरवलं. आता आम्ही कुठं फिरायचं ते तुम्हीच सांगा."

बाई हसल्या. दार लावून घेतलं. उजवा कान आधी. काकांचा तो खिडकीकडचा कान. हजार झाला, दोन हजार झाला. लाल गोल दहाच्या, म्हणजे चांगल्या कानाच्या, रेघेवर, शेजारी शेजारी, ओळीत बसवलेल्या शर्टाच्या गुंड्यांसारखे. चार हजाराचा सूर सुरू केला. पहिला, दिवा. दुसरा, दिवा. तिसऱ्याला बोट बटणावर टेकणार, तेवढ्यात विभागाच्या डॉक्टरांनी दारातून डोकं आत घातलं.

"बाई, कालच्या त्या बाळाची फाईल?"

"कपाटात. वरून दुसरी."

बोट हवेतच होतं. आणि दिवा लागला.

दुसऱ्या कोणाला तिथल्या तिथे उलगडा झाला असता. बाईंना वाटलं, दाबलं असणार. आपला हात काय करतो याची खबर आपल्याला उशिरा लागते, हा त्यांचा जन्माचा अनुभव. त्यांनी बोटाकडे पाहिलं. बोट बटणाच्या वर, चांगलं दोन बोटं उंच. तरी मनाला पटेना. मग त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे, आणि हातांवर बसून राहिल्या.

एक-दोन-तीन. दिवा लागला.

नंतर दोन वेळा काही नाही. मग दिवा. परत दोन वेळा काही नाही. मग दिवा. पुढे थोडा वेळ अंधार. कागदावर खूण करायला त्या पेन्सिल उचलत, त्याला लागायचा नेमका तेवढा. आणि न वाजवलेल्या आठ हजाराच्या सुराला काकांनी पुन्हा बटण दाबलं.

काचेपलीकडे काका शांत चेहऱ्याने समोर बघत होते, सिग्नलला थांबल्यासारखे.

आपण एक गोष्ट केलेली नाही, हे बाईंना आयुष्यात पहिल्यांदा पक्कं ठाऊक होतं. आणि ती झालेली होती.

आठ हजार

त्यांनी जाड दार उघडलं.

"काका, आता काय ऐकू आलं?"

"सगळं. एकदम साफ."

"मी काहीच वाजवलं नाही."

काकांनी हेडफोन काढला. तारेचा पीळ सोडवत बसले. "मशीनचं काही बिघडलं असेल."

"काका."

पीळ सुटला, तरी ते तो सोडवतच होते. मग म्हणाले, "खिडकीकडचा गेलाय. चार वर्षं झाली असतील. पाच."

"मग मोजता कसं?"

इथे मात्र त्यांना राहवलं नाही. लपवलेली असली तरी ती विद्या होती. "सोपं आहे. चार दाबायचे, दोन सोडायचे, एक दाबायचा. परत दोन सोडायचे, एक दाबायचा. मग तुमच्या पेन्सिलीचे चार मोजायचे, की पुढचा सूर."

"सोडायचे कशाला?"

"सगळेच दाबले तर कुत्र्याचे कान निघतील ना, बाई. संशय येतो."

"तुम्हाला हे शिकवलं कोणी?"

"डेपोत सगळ्यांना येतं. ज्याचा कान जातो त्याला बाकीचे शिकवतात, टेबलावर बोटं वाजवून. तुम्ही रजेवर असलात की आमची पाचावर धारण. तो बदलीचा माणूस मनाला येईल तेव्हा वाजवतो. दोघं गेले त्याच्यापायी." काकांना हे कौतुक म्हणूनच म्हणायचं होतं. "तुमच्यासारखं कोणाचं नाही, बाई. घड्याळ चुकेल, तुम्ही नाही चुकणार."

बाईंना इतकी वर्षं वाटत होतं, आपण गोड बोलतो म्हणून लोक आपल्याकडे तपासायला मागतात.

त्या आतल्या खोलीच्या उंबऱ्यावरच उभ्या होत्या. स्पंजाच्या भिंतींमुळे दोघांचेही आवाज तोंडाजवळच पडून राहत होते.

"मागून कोणी हॉर्न दिला तर, काका?"

"आरसे आहेत. तीन."

"आणि आरशात न दिसणारं माणूस ओरडलं तर?"

काकांनी हेडफोन मांडीवर ठेवला. मग अगदी खालच्या आवाजात, "मागच्या महिन्यात एक बाई दाराला थापा मारत होती. मला पुढच्या थांब्यावर कळलं. पिशवी अडकली होती तिची दारात. नुसती पिशवीच होती."

"हं."

"अकरा महिने, बाई. एवढे काढून द्या. नापास झालो तर गेटवर खुर्ची देतात. आत येणाऱ्या बसचे नंबर लिहायचे, बाहेर जाणाऱ्यांचे लिहायचे. एकतीस वर्षं चालवली. ती आता वहीत लिहू?"

"अडीच वाजता या. परत घेते."

"तालात?" काकांनी विचारलं.

ते बाईंनाच ठाऊक नव्हतं. ताल सोडून बटण कसं दाबतात, हे त्यांच्या बोटाला येतच नव्हतं, आणि दुसऱ्या कोणाला बसवावं तर पाच वर्षांचे पाच कागद त्यांच्याच सहीचे.

परत हजार

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी नवऱ्याला फोन लावला.

"अहो, मी तालात वागते का?"

"म्हणजे?"

"म्हणजे सगळं. मोजून."

"अगं, तू पाणीसुद्धा घोट मोजून पितेस. रात्री कूस बदलतेस तीही चौथ्या श्वासाला. मी आधीच सरकून घेतो."

"मग इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीत?"

पलीकडे डबा बंद केल्याचा आवाज आला. "मला वाटलं, तुला माहितीये," नवरा म्हणाला. "काय झालं? आवाज बरा नाही तुझा."

"काही नाही. जेवा तुम्ही."

अडीचला काका आले, आत बसले. बाईंनी खुर्ची ओढली. आकडे लिहून त्याप्रमाणे थांबावं म्हटलं, तर तेही मोजणंच. दोन मिनिटांत त्यातूनही ताल निघाला असता. स्वतःतून आलेलं काहीच चालणार नव्हतं. मग त्यांना बाहेर बाकांवर बसलेले पेशंट ऐकू आले. कान-नाक-घशाची रांग, तिथे आणखी काय ऐकू येणार. बाईंनी व्हरांड्याचं दार हातभर उघडं ठेवलं आणि ठरवलं, बाहेर कोणी खोकलं की सूर द्यायचा. खोकला नाही, तर सूर नाही.

खोकल्याला ताल नसतो. पहिला आला चांगल्या अर्ध्या मिनिटाने. त्याआधी बोट सात वेळा निघालं होतं आणि सात वेळा त्यांनी ते मागे ओढलं. दुसरा लगेच आला, पहिल्याच्या शेपटीवर पाय देऊन. मग कितीतरी वेळ कोणालाच काही झालं नाही. मानेवर घाम आला. घासाघासाला खडा लागावा तसं दाढांत होत होतं. दर सुरानंतर आतून एकच ओरडा: हा नाही, हा चुकला, परत दे, नीट दे. एकही सूर बसला नाही. बाहेर एक म्हातारा ढास लागल्यासारखा खोकत सुटला तेव्हा बाईंनी त्यातला पहिलाच खोकला घेतला आणि बाकीचे जाऊ दिले. ते जाऊ देताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कष्टाचं पाणी. ओझं उचलताना येतं तसं.

काचेपलीकडे काका आधी सवयीने दाबत राहिले. सूर नसताना दिवा लागायचा, सूर असताना नाही. मग त्यांचा अंगठा अडखळला. मग थांबला. त्यांनी डोळे मिटले आणि मान खिडकीकडच्या बाजूला कलती केली. बाईंना दिसलं, माणूस आता ऐकायला लागला.

हजारावर तीसला दिवा लागला. दोन हजारावर पंचेचाळीस. चार हजारावर चाळीसला काही नाही, पन्नासला नाही, साठला नाही. पंच्याहत्तरला लागला. लाल गोल विहिरीत सोडल्यासारखा कागदावर खाली गेला. डाव्या कानाच्या निळ्या फुल्याही पूर्वीच्या जागी राहिल्या नाहीत, पण तो कान अजून कामाचा होता.

नियमाचा 'परत हजार' आला. तिथेही त्यांनी खोकल्याची वाट पाहिली. पुन्हा तीस.

दार उघडलं तेव्हा काका उठले नाहीत.

"किती?"

बाईंनी कागद दाखवला. काकांना त्यातलं वाचता येत नव्हतं, पण उतार कळत होता. उतार कळण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"परत एकदा घ्या," ते म्हणाले. "मी बावरलो जरा. जेवण अंगावर आलं होतं. एकदाच. तुमच्या पद्धतीने."

आणखी एक फेरी मागायला काका जगातल्या सगळ्यात योग्य माणसाकडे आले होते. बाईंचं सबंध अंग तेच मागत होतं. बोटं, दाढा, मान, सगळी पंचायत एकमताने म्हणत होती की हे अर्धवट राहिलंय, हे असं टाकून उठायचं नसतं. चार-पाच मिनिटांचं काम. एक-दोन-तीन-बटण. छातीतलं जागेवर गेलं असतं, काकांच्या अकरा महिन्यांची सोय झाली असती, आणि कोणाला पत्ता लागला नसता.

"नाही, काका," बाई म्हणाल्या. "एकदाच."

काकांनी हातातलं बटण हळूच खुंटीला अडकवलं.

"गेटवरची खुर्ची कशी आहे?" बाईंनी विचारलं.

"लोखंडी," काका म्हणाले. "एक पाय आखूड. सगळ्यांना डुलवते."

पाचशे

डॉक्टर चष्मा काढून डोळे चोळत होते. समोर बाळाची फाईल उघडी. बाईंनी काकांचा कागद त्यावर ठेवला आणि उभ्या उभ्या सांगितलं. मधली काही वाक्यं त्या दोनदा बोलल्या.

"बाकी किती जण असतील असे?"

"माहीत नाही. डेपोतले सगळे परत बोलवावे लागतील. आणि ते मी घेऊन चालणार नाही, दुसऱ्या कोणी घ्यावेत."

"बाई, याचा अर्थ कळतोय ना? चौकशी लागेल. तुमचीसुद्धा."

"हो."

"तुमची खात्री आहे? दिवा लागला तेव्हा तुम्ही बटण दाबलं नव्हतं?"

हा प्रश्न बाई रोज स्वतःला शंभर वेळा विचारायच्या. कुलपाला, पेल्याला, चपलेला. कोणी दुसऱ्याने विचारायची ही पहिलीच वेळ.

"मी हातांवर बसले होते," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेन शोधलं. कागदावर 'अपात्र' लिहिलं, खाली सही केली, आणि बाळाची फाईल पुन्हा पुढ्यात ओढली.

संध्याकाळी नवरा जिन्यात भेटला. दोघं सोळा पायऱ्या चढले. दार उघडून आत गेल्यावर बाईंनी आतून कडी लावली, आणि लावली, आणि लावली. दिवसभर धरून ठेवलेलं सगळं त्या कडीवर निघालं. नवऱ्याने दोन्ही डबे घासून पालथे घातले, दूध तापवलं, उतू जाऊ दिलं नाही, तरी ते चाललंच होतं.

"बसलं का?" त्याने स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. आणि बऱ्याच वेळाने, कडीवरचा हात न काढता, "आज नाहीच बसणार. तुम्ही वाढून घ्या."

त्याने दोघांची ताटं घेतली, दाराजवळ जमिनीवर आणून ठेवली आणि तिथेच भिंतीला टेकून बसला.

अडीचशे

सात वर्षांपूर्वी, पहिल्या तपासणीच्या दिवशी, काकांचे दोन्ही कान ठणठणीत होते. तेव्हाचे लाल गोलही दहाच्याच रेघेवर होते, फक्त ते खरे होते.